बिनकानाचा कप

“चार शब्द बोलत नाही ती, मुलांना काय शिकवणार? पण बसू दे, तेवढाच वेळ जाईल तिचा.” सासूबाई स्वयंपाकघरात शेजारच्या जोशीकाकूंना माझ्याबद्दल सांगत होत्या. मी बाहेरच्या खोलीत कॉलनीतल्या मुलांसमोर चहाचा कप मांडत होते. लग्न होऊन दिल्लीत आर. के. पुरमला आल्यापासून माझं म्हणावं असं एवढंच, रविवारचा हा चित्रकलेचा तास.

मुलांना म्हटलं, “जसा दिसतोय तसाच काढा.” सगळ्यांनी कपाकडे न बघताच कान असलेला कप काढला. एकट्या इराने, जोशीकाकूंच्या नातीने, पुन्हा पुन्हा मान वर करून बघत बिनकानाचा कप काढला. ती बसली होती तिथून कान दिसतच नव्हता. इतक्या रविवारांत पहिल्यांदाच कुणीतरी खरोखर बघितलं होतं.

तेवढ्यात दोघी बाहेर आल्या. “अगं, कान कुठाय? ग्लास काढलास की काय!” म्हणत काकूंनी पेन्सिल घेतली आणि कपाला कान जोडून दिला.

“आता कसा कप वाटतोय!” सासूबाई म्हणाल्या.

“दीदी, मेरा गलत था?” इराने मला विचारलं. उत्तराची वाट न बघता तिने पान उलटलं आणि नवा कप काढला, कानासकट. या वेळी तिने मान वर केलीच नाही.

मी म्हणाले, “काकू, इराच्या जागेवर बसून बघा, तिथून कान दिसत नाही. आणि आई, इथे बसलं की स्वयंपाकघरातलं सगळं ऐकू येतं.”