तारेची घासणी

(प्रयोगशाळेच्या मागे, बाटल्या धुण्याची खोली. दुपार. संशोधन विभागाच्या प्रमुख मॅडम दारात उभ्या आहेत. बाटल्या धुणाऱ्या मावशींचे हात फेसात.)

मॅडम : आणि ही तारेची घासणी कधीपासून?

मावशी : ही? गेल्या आठवड्यातली. जुनीच्या तारा सुटायला लागल्या, म्हणून टाकली.

मॅडम : तसं नाही हो. घासणीनं बाटल्या घासायला कधीपासून लागलात?

मावशी : झाली की चार वर्षं. का, डाग राहिला कुठं?

मॅडम : बाटल्या रात्रभर आम्लात भिजवायच्या आणि शुद्ध पाण्यानं सात वेळा विसळायच्या. भिंतीवर कागद लावलाय तसा.

मावशी : कागद आहे. आम्लाचा टब दिसतो का बघा कुठं.

मॅडम : कुठं गेला?

मावशी : पाहणीला माणसं येणार होती, तेव्हा "हा घाणेरडा वास आधी बाहेर काढा" म्हणालात. काढला. जिन्याखाली आहे, फरशीची फडकी ठेवतो त्यात.

मॅडम : अहो, माणसं गेल्यावर परत आणायचा ना!

मावशी : हातमोजे त्याआधीपासूनच फाटले होते. नवे मागितले, तर चिठ्ठी लिहा म्हणालात. तीन लिहिल्या. आम्लानं बोटांची सालं निघाली तेव्हा तुमच्या टेबलापाशी येऊन दाखवली. विचारलं, साबण आणि घासणीनं लख्ख करून दिल्या तर चालेल का? तुम्ही फोनवर होतात. मान हलवलीत.

मॅडम : फोनवरच्या माणसाला हलवली असेल!

मावशी : फोनवरच्या माणसाला मान कशी दिसायची, मॅडम?

मॅडम : मावशी, चेष्टेची वेळ नाही ही. बाहेरच्या एका प्रयोगशाळेनं आपला प्रयोग करून पाहिला. तीनदा केला, तिन्ही वेळा उलटं आलं. आता त्यांनी पत्र पाठवलंय, तुमच्याकडे बाटल्या कशा धुतात म्हणून.

मावशी : चला. एकोणीस वर्षांत कोणीतरी विचारलं म्हणायचं.

मॅडम : आपला सगळा प्रयोग लोह नसताना काय होतं याचा आहे. घासणीची तार म्हणजे लोखंड. डोळ्याला दिसणार नाही एवढे कण काचेला चिकटून राहिले. आणि आम्ही समजत होतो, पेशींना लोह मिळतच नाहीये.

मावशी : म्हणजे समोरून उपाशी ठेवलं आणि मागच्या दारानं जेवू घातलं.

मॅडम : तेच.

मावशी : आणि वाढपी मी.

मॅडम : तुम्हाला कळतंय का किती मोठी गोष्ट आहे ही?

मावशी : मला एवढंच ठाऊक, अंगात जंतू शिरला की त्या पेशी त्याला गिळतात.

मॅडम : गिळतात, आणि लोह त्याच्यापासून लपवून ठेवतात. जंतूला वाढायला लोह लागतं. मग औषध देऊन लोह काढूनच घेतलं तर जंतू उपाशी मरेल, अशी कल्पना. भीती एकच होती. पेशीच्या आतली भट्टीसुद्धा लोहावरच चालते. लोह संपलं की ती विझत जाते. मग पेशी भराभरा साखर जाळून दिवस काढते. थोडा वेळ जोर येतो आणि मग गळूनच जाते. जंतू राहतो, राखणदार जातो.

मावशी : आणि तुम्ही लिहिलंत, गळत नाही म्हणून.

मॅडम : नव्हत्याच गळत! डोळ्यांनी पाहिलंय मी. लोह काढलं तरी भट्टी धडधडतेय!

मावशी : धडधडणारच. तार होती ना.

मॅडम : त्या शोधनिबंधाच्या भरवशावर दवाखान्यात औषध सुरू केलं. सहा जणांना दिलं. काल थांबवलं.

मावशी : सहा माणसांना? माणसांना दिलं?

मॅडम : चौघं बरे आहेत. दोघं अजून अतिदक्षता विभागात. औषधानं की मूळच्या आजारानं, ते आज कोणालाच सांगता येणार नाही.

मावशी : अरे देवा. आणि मी इथं काच चमकली म्हणून खूश होत होते.

मॅडम : म्हणून हा कागद आणलाय. चार ओळी आहेत. खाली सही करा.

मावशी : वाचून दाखवा. हात ओले आहेत माझे.

मॅडम : "साहाय्यक कर्मचाऱ्याने वरिष्ठांना न कळवता धुण्याची पद्धत परस्पर बदलली. त्यामुळे..."

मावशी : बास. कळलं.

मॅडम : तुम्हाला काही होणार नाही. दोन महिन्यांनी तुम्ही निवृत्तच होताय. मला अजून बारा वर्षं काढायचीयत. हा विभाग आहे, पंधरा माणसं आहेत माझ्या हाताखाली.

मावशी : सोळा. मला धरून.

मॅडम : मावशी, प्लीज.

मावशी : आज दुसऱ्यांदा मावशी म्हणालात. एरवी "अहो, बाटल्या" म्हणता. एकोणीस वर्षांत माझ्या नावापुढे एक वाकडा शेरा नाही, मॅडम. जाता जाता हे लावून घेऊ कपाळाला? माझ्या नातीला मी काय सांगू, दोन माणसं तुझ्या आजीनं आडवी केली?

मॅडम : घासणी तुम्हीच फिरवली ना?

मावशी : फिरवली. ते नाकारलंय का मी? पण एक सांगा. त्याच्या आधी तीन वर्षं पेशी मरगळायच्या. तुम्ही चिडायचात, ट्रे आपटायचात. मग एका महिन्यात त्या एकदम टवटवीत झाल्या. तेव्हा का नाही आलात या खोलीत विचारायला, काय बदललं म्हणून?

मॅडम : वाटलं, जमलं एकदाचं.

मावशी : हवं होतं ते मिळालं, की कोण मागे वळून बघतंय!

मॅडम : मिळत होतं ना सगळ्यांना! सगळ्यांचे निकाल जुळत होते.

मावशी : सगळ्यांचे नव्हते.

मॅडम : कोणाचे नव्हते?

मावशी : तुम्ही जिचं नाव वेंधळी ठेवलं होतंत, त्या शिकाऊ मुलीचे.

मॅडम : तिचा काय संबंध इथं?

मावशी : भिंतीवरचा कागद वाचणारी ती एकटी. प्लास्टिकची बादली आणली होती तिनं घरून. स्वतःच्या बाटल्या स्वतः आम्लात भिजवायची, सात वेळा विसळायची, मोजून. मी हसायचे तिला. तिच्या पेशी दर वेळी गळायच्या आणि तुम्ही दर वेळी तिला फैलावर घ्यायचात.

मॅडम : तिची वही... तिच्या वहीत सगळं असेल मग.

मावशी : आहे कुठं वही?

मॅडम : ती सोडून गेली तेव्हा कपाट रिकामं केलं. रद्दीत गेली.

मावशी : अख्ख्या विभागात एक वही खरी होती, आणि ती तेवढी रद्दीत घातलीत.

मॅडम : मला काय माहीत होतं?

मावशी : "तुझ्या हाताला गुण नाही, शिवणकाम कर जा." सगळ्यांसमोर बोललात. रडलीसुद्धा नाही बिचारी. हातांकडे बघत राहिली नुसती.

मॅडम : तुम्हाला एवढा पुळका होता, तर तेव्हाच का नाही बोललात?

मावशी : तिथंच होते मी. ट्रे घेऊन उभी. मनात आलं होतं, हिच्या बाटल्या आम्लाच्या आणि बाकीच्या माझ्या घासणीच्या, फरक एवढाच आहे. पक्कं काही नव्हतं, पण आलं होतं.

मॅडम : मग?

मावशी : मग तुम्ही माझ्याकडे वळलात. म्हणालात, "या आमच्या मावशींकडून शीक. बाटली बघ, आरसा आहे नुसता. यांच्या हाताला यश आहे." सगळे वळून बघायला लागले माझ्याकडे. तोवर कोणी बघितलंच नव्हतं. गिळून टाकलं मी मनातलं. एका कौतुकासाठी.

मॅडम : आता ते उकरून काय होणार?

मावशी : काही नाही. द्या तो कागद. असा नको, उलटा द्या, कोरी बाजू वर. पेन आहे?

मॅडम : काय लिहिताय?

मावशी : माझं अक्षर सावकाश होतं. बसा त्या स्टुलावर.

मॅडम : मावशी, हे अधिकृत पत्र आहे...

मावशी : "चार वर्षांपूर्वी मी तारेची घासणी वापरू लागले. मॅडमना विचारलं होतं. त्यांनी मान हलवली." झालं. "एक मुलगी बाटल्या बरोबर धुवायची. तिचे निकाल खरे होते. मला शंका आली होती, मी बोलले नाही. तिची मी अपराधी आहे." ही माझी सही. फेसाचा ओघळ लागलाय कडेला, चालवून घ्या.

मॅडम : हे असं कसं पाठवू मी? तिच्याबद्दलचं हे... मग माझ्याकडे काय राहतं?

मावशी : खालचा निम्मा कागद मोकळा ठेवलाय, मॅडम. तुम्हाला बरंच लिहायचं असेल.