डॅव्हेनपोर्ट कोणी पाहिलं

(खोपट, ठाणे. उत्तराबाईंच्या घरात सोफ्यावर दोन उघड्या बॅगा. परवा त्या अमेरिकेला, आयोवातल्या डॅव्हेनपोर्टला, लेकीकडे, श्रियाकडे, निघाल्यात. श्रियाची सासू बायजा तिथं सहा महिने राहून गेल्याच आठवड्यात आपल्या गावी, दिव्याला, परतली, आणि आज विहिणीला तिथलं सगळं समजावून सांगायला आलीय. उत्तराबाईंनी काही बोलावलं नव्हतं. पण विहीण दारात आल्यावर चहा टाकावाच लागला.)

बायजा : आनि भितीवर एक डबी हाय, तिला हात लावायचा नाय. घर गरम तीच करते.

उत्तरा : ठाऊक आहे मला. कृतिका झाली तेव्हा पाच महिने त्याच घरात होते मी.

बायजा : हां, इसरलेच. तुमी पयल्या गेलेल्या.

उत्तरा : बाळंतपणाला आईच जाते पहिली. नातीला पहिली आंघोळ मी घातलीय.

बायजा : घातलीच की. मंग ऐका, नदीवर बाजार भरतो शनवारी. तिथली मक्याची कनसं घ्या, गोड असतात.

उत्तरा : नोव्हेंबरात कुठली कणसं, बायजाबाई? कणसं झाली, होडी झाली, तो मोठा आकाशपाळणा झाला, सगळं तुम्ही होतात तेव्हाच. माझ्या वाट्याला मागच्या खेपेला बर्फ, आताही बर्फ.

बायजा : नंबर तर कमलेशनी लावले.

उत्तरा : तुमच्याच मुलानं लावले. मी दुसरं काय म्हणतेय?

बायजा : चिडू नका. त्याला सुट्ट्यांचं बगावं लागतं. ट्रॅक्टरच्या कंपनीत उन्हाल्यात जाम काम असतं, पोरगी कोन सांभालनार?

उत्तरा : चिडले नाही मी. पण फोटो रोज यायचे ना ग्रुपवर. बेसबॉलच्या मैदानातल्या पाळण्यात तुम्ही. काचेच्या पुलावर तुम्ही. होडीत तुम्ही, माझ्या मुलीचा गॉगल लावून.

बायजा : तिनीच लावला. ऊन मारत होतं पान्यावर.

उत्तरा : तो गॉगल तिला मी घेऊन दिलाय.

बायजा : मना काय ठावं?

उत्तरा : बरं, त्या होडीतून एवढ्या फिरलात, पुलाचं सांगितलं का कोणी?

बायजा : कुठला पूल? तिथं जाम पूल हायेत.

उत्तरा : अहो, मिसिसिपीवरचा पहिला रेल्वेपूल तिथे झाला, अठराशे छप्पन साली. पंधरा दिवस झाले नाहीत तोवर एक आगबोट त्याच्यावर आदळली. बोटवाले कोर्टात गेले, की हा पूलच आमच्या वाटेत आहे म्हणून. रेल्वेच्या बाजूनं वकील कोण होते? लिंकन. पुढे राष्ट्राध्यक्ष झाले ते.

बायजा : असं?

उत्तरा : आणि आपल्या ठाण्याच्या खाडीवरून आगगाडी कल्याणला गेली ती त्याच्या दोन वर्षं आधी. आपण आधी, मग ते. हे पुलापाशी उभं राहून कोणी सांगायला नको? नुसते फोटो काढले म्हणजे गाव पाहिलं असं होत नाही.

बायजा : मी आपली नदी बगायचे. मावलतीला वाहते ती.

उत्तरा : दक्षिणेला.

बायजा : मावलतीला.

उत्तरा : बायजाबाई, मिसिसिपी दक्षिणेला वाहते. अठ्ठावीस वर्षं भूगोल शिकवलाय मी.

बायजा : असंल. पन ओंडके वाहत जायचे ना पान्यातनं, ते सूर्य बुडतो तिकडंच जायचे. रोज बगायचे मी.

उत्तरा : थांबा, नकाशात दाखवते तुम्हाला.

बायजा : दाखवा.

उत्तरा : हे बघा, हे आयोवा... ही नदी. हं.

बायजा : काय?

उत्तरा : वळण आहे तिथे. तेवढ्या तुकड्यापुरती पश्चिमेला जाते.

बायजा : तेच बोलले मी.

उत्तरा : मला कळणार कुठून? पाच महिन्यांत नदी एकदा दिसली, हॉस्पिटलातून घरी येताना, गाडीच्या काचेतून. तीही काठाला गोठलेली.

बायजा : आनि त्या गावानी नदीला भित नाय बांधली, बगा. समोरच्या काठाला बांधली, ह्यांनी नाय. पूर आला का पानी रस्त्यावर येतं, ते खेलायचं मैदान बेट होऊन बसतं. मी श्रियाला इचारलं, असं का गो? ती बोलली, लोकांना नदी दिसायला पायजे म्हनून.

उत्तरा : वाचलंय मी ते.

बायजा : मंग मी तिला आमच्या मिठागराचं सांगितलं. उधानाचं पानी चढलं का माजा सासरा बांदावर चिखल थापत धावायचा, सासू मागनं शिव्या घालीत. आनि हे लोक पान्याला वाट मोकली करून खुर्च्या टाकून बसलेत. हसली ती.

उत्तरा : श्रिया हसली?

बायजा : डोल्यांतनं पानी येईतोवर.

उत्तरा : मी होते तेव्हा नव्हती हसत.

बायजा : मंग?

उत्तरा : रडायची. बाळ झोपलं की माझ्या पलंगावर येऊन पडायची, डोकं मांडीवर ठेवून. दूध पुरत नव्हतं, टाके दुखत होते, कमलेश दिवसभर कामावर. जे काय असेल ते मला सांगायची. तुमच्याबद्दलसुद्धा.

बायजा : माज्याबद्दल काय?

उत्तरा : जाऊ दे. चहा घ्या, गार होतोय.

बायजा : सांगा.

उत्तरा : म्हणायची, आई इथे येतील तेव्हा त्यांच्याशी काय बोलू मी? माझ्या हातून काही चुकलं तर? घाबरली होती.

बायजा : बरोबर हाय तिचं.

उत्तरा : काय बरोबर? सहा महिने पालखीतून मिरवल्यासारखं मिरवलं तुम्हाला. खरं सांगू का, बायजाबाई? जळायचे मी. फोटोला लाइकचा अंगठा द्यायचे आणि दिवसभर जळत बसायचे. मुलगी माझी, आणि कौतुक सगळं सासूचं.

बायजा : इहीनबाय, घरात बसलो का तिला कलायचं नाय माज्याशी काय बोलावं. मना पन कलायचं नाय. दोघी बसून टीवी बगायचो, तो पन इंग्लिश. पाच मिन्टं झाली का उठायची. आई, चला, तुमाला अमकं दाखवते. पावन्याला नेतात ना, तसं. चुलीला हात लावायला गेले का बोलायची, तुमी बसा, आई.

उत्तरा : मानानं वागवते ती तुम्हाला.

बायजा : मानानीच वागवते. सगलं गाव पाठ झालं माजं. पन तिच्या खोलीत मी सा म्हयन्यांत कवा बसले नाय. आता तुमी मांडीवर डोकं बोललात, ते लागलं मना.

उत्तरा : मी मुद्दाम नाही बोलले.

बायजा : थोडं मुद्दाम बोललात.

उत्तरा : थोडं बोलले.

बायजा : बोला. मी कुनाला सांगत नाय.

उत्तरा : बायजाबाई, मी एक मूर्खपणा करून बसलेय.

बायजा : काय केलंत?

उत्तरा : श्रियाला यादी पाठवली. ह्या खेपेला मला काय काय दाखवायचं त्याची. शाळेत वेळापत्रक करायचे तसं केलं, तारीखवार. चित्रांचं कलादालन, जर्मन लोक आधी येऊन राहिले त्यांचं संग्रहालय, नदीत दारं लावलेल्या हौदात पाणी भरून बोटी वर उचलतात ते, जानेवारीत तिथे गरुड जमतात ते. बत्तीस ठिकाणं झाली.

बायजा : बत्तीस?

उत्तरा : तुमचे फोटो मोजले होते मी. त्याहून जास्त हवी होती.

बायजा : मंग ती काय बोलली?

उत्तरा : फोनवर म्हणाली, मला वाटलं होतं तू आलीस की आपण घरीच... आणि थांबली. मग म्हणाली, बरं आई, रजा टाकते. आईंना फिरवलं तसं तुलाही सगळं फिरवीन.

बायजा : फोन लावा तिला.

उत्तरा : आत्ता? तिकडे सकाळचे सहा वाजलेत. झोपली असेल.

बायजा : मंग लिवून पाठवा. लिवा, माजे गुडगे दुखतायत, फिरायला जमनार नाय, घरातच बसू.

उत्तरा : माझे गुडघे धडधाकट आहेत. मुलीला खोटं लिहू?

बायजा : लिवा. माजे खरंच दुखत होते सा म्हयने. मी तिला बोलायचे, मना फिरायला जाम आवडतं.