अजून बारा राह्यले होते

मंडळी, कामाचे दिवस असून तुम्ही सगळे आले. वडनेरचे आले, नांदुऱ्याचे आले, भाऊसंगं वाजवनारे दोघं जन पार मुंबईहून आले. मले माईकवर बोलाची सवय नाई. चुकलो तं सांभाळून घ्या.

मी नामदेव. गेले ते माहे मोठे भाऊ, पुरुषोत्तम. मंगळवारी सकाळी चहा पेता पेता गेले.

भाऊनं मुंबईले नोकरी केली, हे गावाले माहीत हाय. कोनती नोकरी? व्हायोलिन वाजवाची. तीस वर्सं. मोठा ऑर्केस्ट्रा, सत्तर जन, अन भाऊ दुसऱ्या व्हायोलिनच्या रांगेत. मुख्य चाल पयली रांग वाजवते, दुसरी तिले आधार देते. भाऊ म्हनत, "माहा आवाज तुले येगळा आयकू आला, तं समज मी चुकलो." मले काई ते समजे नाई. मी हो म्हनो अन सोडून देओ.

आज मले एक गोष्ट कबूल कराची हाय.

माह्या सुनंदाचं लगन होतं. ती हे काय, समोर बसली हाय. पाहुने म्हने, मुंबईचा कलाकार घरात अन वाजवत काऊन नाई? मी भाऊच्या मांगं लागलो. ते म्हनले, "भजन वाजवतो." मी म्हनलो, "भजन तं आपला पेटीवालाबी वाजवते. मुंबईत वाजवता तेच वाजवा. माह्या इज्जतीचा सवाल हाय." भाऊनं मले समजावून पाह्यलं, "अबे, माहा भाग एकटा आयकून कोनाले काई समजनार नाई." मी आयकलं नाई.

उभे राह्यले बिचारे. थोडंसं वाजवलं. मंग गज खाली केला अन चूप. नुसते ओठ हालून राह्यले. कोनी म्हनलं, इसरले वाटते. मांडव हासला. मले लाज वाटली. हो, माह्याच भावाची लाज वाटली मले! मी उठलो, त्याईचा हात धरला, "बस झालं भाऊ, पंगत खोळंबली." ते इतकंच म्हनले, "अजून बारा राह्यले होते." अन व्हायोलिन पेटीत ठेवलं. त्यानंतर गावात त्याईनं कोनासमोर वाजवलं नाई.

रिटायर व्हाच्या येळेले त्याईनं मले शेवटच्या कार्यक्रमाले नेलं. तिथं पाह्यलं. भाऊनं गज खाली केला. ओठ हालले. बाकीचे वाजवतच होते, अन भाऊ आपली पाळी येईपर्यंत मनात ठोके मोजून राह्यले होते. मीबी मोजलं. मंग त्या सगळ्या रांगेचा आवाज एका झटक्यात उठला, अन माह्या आंगावर काटा आला. मांडवात भाऊ काईच इसरले नोते, मंडळी. मीच मधात उठलो होतो.

बाहेर आल्यावर माफी मांगतली. भाऊ हासले. "काऊन बे? तुले कसं समजीन? बाकीचे तं मुंबईतच राह्यले होते ना."

माफ केलं त्याईनं. पन मी त्याईले गावात परत वाजवा म्हनलो नाई. उद्या म्हनू, परवा म्हनू. राहूनच गेलं.

आता सगळे उभे राहा. दोन मिनिटं चूप राहू. ज्याले मोजाचं त्यानं मनातल्या मनात मोजा. भाऊ, या येळेले मी मधात उठत नाई. तुमचे बारा पुरे होऊ द्या.