एकही गोल नाही

श्रीरामपूरच्या स्टँडवर देवश्री बसची वाट बघत होती. कान मात्र मागच्या बाकावरच्या आजोबा-नातीकडे लागले होते.

"हा फोटोतला फुटबॉलवाला हंगेरीचा, आजोबा. विशीतला. बारक्या क्लबातून थेट जर्मनीत गेला."

"लई गोल मारतो?"

"यंदा एकही नाही. माझ्यासारखाच मधे खेळतो. बॉल कुणाला, कधी द्यायचा, ते हा बघतो."

"तरी घेतला?"

"चढाओढ लागली होती घ्यायला!"

"म्हंजी माझ्यावानी. तीस वर्सं भंडारदऱ्याच्या पाटावर पानी सोडलं. सोताचं वावर न्हाई, पन शेवटच्या मान्साचं वावर कदी कोरडं ठिवलं न्हाई."

देवश्रीने मान वळवून मागे पाहिलं.

"सबिहा, बापाला फोन लाव. एक गोल न्हाई म्हनून पोरीचा खेळ बंद करतोय व्हय!"