नऊ मतांचा प्रश्न

उमेदवाराला जुनं विचारावं की नाही, यावर तुम्ही भांडताय म्हणून सांगतो. मागच्या सरपंचकीला सावळेराम मतं मागायला माझ्या ओट्यावर आला. सोबत वीसेक माणसं. माझ्या घरात नऊ मतं.

मी विचारलं, "कधी दिलेला शब्द फिरवलास का?"

"तात्या, पान्याचं इचारा, रस्त्याचं इचारा. जुनं कशाला?"

"जुनं लपवणाऱ्याला एकही मत न्हाई."

त्यानं टोपी काढली. "एकदाच फिरवला. पुणतांब्याला सुपारी फुटली हुती. पोरगी लई फटकळ हाय असं कळालं, मग लग्न मोडलं."

"कुणाची पोरगी?" मी दरडावलं.

तो खाली बघायला लागला. चहा घेऊन आलेली माझी बायको म्हणाली, "मीच ती. मानूस खरं बोलला. नऊच्या नऊ मतं त्याला."

चाळीस वर्षांत मला हे पहिल्यांदा कळत होतं. मग ती माझ्याकडं वळली. "आता तुमी सांगा. मी फटकळ हाय, हे तुमाला लग्नाआधी कळालं हुतं का न्हाई?"

सगळा ओटा माझ्याकडं बघत होता.

मी म्हणालो, "मी निवडणुकीला उभा न्हाई."