गळक्या जॅकचे फडके

पुरवणी जबाब. शनिवार, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटे.

माझे नाव पहिल्या जबाबात लिहिले आहे, त्यात बदल नाही. वय ५१ वर्षे. धंदा: डोंगरवाटा आणि नदीपात्रातून चालणाऱ्या गाड्यांच्या सामानाचे दुकान, शिवाय दर रविवारी अशा गाड्यांच्या मालकांसाठी वर्ग. राहणार दुकानाच्या वरच्या मजल्यावर, पत्नीसह.

आज मला कोणी बोलावलेले नाही. मी आपण होऊन आलो आहे आणि समोर बसून सांगतो की, गेल्या मंगळवारी माझा मेहुणा, म्हणजे पत्नीचा धाकटा भाऊ, वय ३८, हा स्वतःच्या गाडीखाली सापडून मरण पावला. त्याच संध्याकाळी मी दवाखान्यात पहिला जबाब दिला. तो जबाब आणि बुधवारची माझ्या पत्नीची फिर्याद यांवरून माझ्या दुकानातले काका, वय ६३, यांना अटक झाली आहे. काका नात्याने आमचे कोणी नाहीत. सत्तावीस वर्षे दुकानात आहेत. खराब जॅक निष्काळजीपणे मेहुण्याच्या हाती दिला, असा त्यांच्यावर आरोप आहे. जॅक त्यांनी दिला हे खरे आहे. तेवढेच खरे आहे.

त्या जॅकची माहिती विचारल्यावरून सांगतो की, तो बाटली जॅक आहे. आत तेल असते, दांडा मारला की तेलाच्या दाबाने वर येतो. त्याचे आतले सील सहा वर्षांपूर्वी खराब झाले. गाडी उचलतो, पण वर धरून ठेवत नाही. तीन मिनिटांत बोटभर खाली येतो. नवे सील अर्ध्या तासात बसले असते. मी मुद्दाम बसवले नाही. वर्गात दाखवायला तो मला हवा होता.

वर्गात मी आधी जॅक कसा निवडायचा ते सांगतो. गाडीचे वजन कागदावरचे धरू नका, सामान आणि माणसे भरून धरा. मोठी चाके बसवली असतील तर गाडी उंच झालेली असते, कंपनीचा जॅक पुरत नाही. वाळूत आणि चिखलात जॅकखाली जाड फळी हवी. मग वापर सांगतो. हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा, जमिनीवरच्या चाकांना पुढून मागून दगड लावा, हवे तेवढेच उचला, लगेच गाडी पेलून धरणारे लोखंडी स्टँड लावा. स्टँड लागेपर्यंत गाडीखाली बोटसुद्धा घालायचे नाही. जॅक उचलायला असतो, धरायला नसतो, हे वाक्य मी लोकांकडून तीनदा म्हणवून घेतो.

एवढे सांगूनही लोक माना डोलावतात आणि मोबाईल बघतात. म्हणून मी गळक्या जॅकवर गाडी उचलतो, खाली एक रिकामा पत्र्याचा डबा ठेवतो आणि दुसरेच काही बोलत राहतो. सहा-सात मिनिटांनी डबा कुरकुरतो आणि चेपतो. लोकांच्या तोंडून ‘अरे बापरे’ निघते. वर्गातला तो क्षण मला सर्वांत जास्त आवडतो. चेपलेले डबे मी दुकानात एका ओळीत लावून ठेवले आहेत.

गळका जॅक दिसायला इतर जॅकसारखाच आहे. तोच निळा रंग, तेवढीच उंची. दुकानातल्या फळीवर चार चांगले मोठे जॅक आणि हा पाचवा, असे शेजारी असतात. ओळखण्यासाठी त्याच्या मानेला लाल फडके बांधलेले असते. कपड्याची खूण काकांना पहिल्यापासून पसंत नव्हती. “लोखंडाची खूण लोखंडात कर. रंग मार, नाहीतर कानशीने चर पाड. फडकं काय, आज आहे, उद्या नाही,” असे ते मला म्हणाले होते. एकदा नाही, तीनदा तरी. मी ते हसण्यावारी नेले. “काका, तुम्हाला दोरी दिसली तरी साप वाटतो,” असे मी गिऱ्हाइकांसमोर म्हणालो. गिऱ्हाइके हसली. काकाही हसले.

पहिल्या जबाबात मी असे सांगितले की, गळक्या जॅकला लाल फडके बांधलेले असते, आणि फडक्याचा जॅक कोणाला द्यायचा नाही हे काकांना पक्के माहीत आहे. त्यात एकही शब्द खोटा नव्हता. त्यावर मला कोणी पुढे विचारले नाही आणि मीही पुढे सांगितले नाही.

आता सांगतो. अपघाताच्या आधीच्या रविवारी वर्गाला चौदा जण होते. साडेअकराला वर्ग संपला. माझे हात तेलाने भरले होते. पुसायला काही सापडेना. एक बाई वर्ग आवडला म्हणून सांगायला थांबल्या होत्या आणि मला त्यांच्याशी हात मिळवायचा होता. मी जॅकच्या मानेचे फडके सोडले, हात पुसले आणि फडके मळक्या कपड्यांच्या पिंपात टाकले. नंतर दुसरे बांधू, असे मनात म्हणालो. बाईंशी बोललो. जॅक फळीवर ठेवला. जेवायला वर गेलो. सोमवारी दुकान बंद असते. दुसरे फडके बांधायचे राहिले.

मंगळवारी सकाळी साडेसातला मेहुणा आला. त्याने दोन महिन्यांपूर्वी गाडीला मोठी चाके बसवली होती आणि जॅक मात्र कंपनीचाच होता. तेव्हापासून मी त्याच्या मागे लागलो होतो. “त्या जॅकने ही गाडी उचलणं म्हणजे चवड्यांवर उभं राहून माळ्यावरचा डबा काढणं,” असे मी त्याला म्हणायचो. तो म्हणायचा, “भाऊजी, तुमच्या जॅकच्या पोथीचा हा कितवा अध्याय?” माझे तो कधी ऐकत नसे. त्या दिवशी मात्र स्वतःहून जॅक मागायला आला. मित्राबरोबर नदीच्या वरच्या अंगाला जाणार होता, संध्याकाळी परत.

मी काउंटरवर फोनवर होतो. फोन ठेवला नाही. हाताने खूण करून म्हणालो, “काका, याला मोठ्यातला एक द्या.” काकांनी फळीकडे पाहिले. फडके कशालाच नव्हते. वर्गानंतर गळका जॅक कधी कधी मागे अंगणातच राहतो. त्यांनी हाताला लागला तो उचलला, दांडा तीन-चार वेळा मारून पाहिला. जॅक वर आला. वजन नसताना तो गळत नाही. काकांच्या जागी मी असतो तर मीही तोच दिला असता.

स्टँडबद्दल विचारल्यावरून सांगतो की, स्टँड ने, असे मी फोनवर हात ठेवून त्याला म्हणालो. तो म्हणाला, “जागा नाही गाडीत. आणि खाली जातंय कोण?” मग जॅक खांद्यावर घेऊन म्हणाला, “ताईला सांगा, शेवटी तुमचंच ऐकलं म्हणून.” मी हसलो आणि फोनवर बोलू लागलो. ते बोलणे आरशाच्या काचेबद्दल होते.

पुढचे मी पाहिलेले नाही. त्याच्या मित्राने मला सांगितले ते असे. दुपारी बाराच्या सुमारास नदीपात्रात गाडीखालून ठोके ऐकू येऊ लागले. खालच्या संरक्षक पत्र्यात दगड अडकला होता. मेहुण्याने हँडब्रेक ओढला, गाडी गिअरमध्ये ठेवली, चाकांना दगड लावले, फळी टाकली आणि गाडी उचलली. मित्र म्हणाला, एवढं कशाला, तर तो म्हणाला, “भाऊजी सांगतात तसंच करायचं आज.” मग दोन मिनिटांत दगड काढतो म्हणून हातोडी घेऊन खाली गेला. मित्र पाणी भरायला गेला होता. आवाज ऐकून परत आला तेव्हा गाडी बसलेली होती.

मित्राने जॅकचा दांडा मारायला सुरुवात केली. गाडी थोडी उचलली जायची आणि मेहुण्याला ओढायला गेले की परत बसायची. असे त्याने अकरा वेळा केले. तो मोजत होता. का मोजत होतो ते माहीत नाही, असे तो म्हणाला.

येथे जबाब लिहिणाऱ्या हवालदारांनी, हे लिहू का, असे मला विचारले. लिहा, असे मी सांगितले.

स्टँड लावला असता तर तो वाचला असता का, असे तपासी अधिकाऱ्यांनी विचारले. होय, वाचला असता. ती त्याची चूक आहे. पण जॅक चांगला असता तर त्या चुकीने तो त्या दिवशी मेला नसता. दगड काढून कपडे झटकत बाहेर आला असता आणि मी त्याला चार शब्द सुनावले असते.

हळूहळू गळणारा जॅक एकदम बसू शकतो हे मला ठाऊक होते का, असेही विचारले. होय. गळके सील कधी पूर्ण जाईल ते कोणालाच सांगता येत नाही. हे मी वर्गात सांगतो.

पत्नीबद्दल विचारल्यावरून सांगतो की, तिची आई लवकर गेली आणि या भावाला तिनेच वाढवले. मंगळवारी दवाखान्यात तिने मला एवढेच विचारले, “फडकं होतं ना?” मी म्हणालो, “असतंच.” बुधवारी सकाळी ती इथे आली आणि काकांविरुद्ध फिर्याद दिली. तिला मी अडवले नाही. येताना रिक्षाही मीच करून दिली. एकोणीस वर्षे ती दुपारचे दोन डबे भरत आली, एक माझा, एक काकांचा. बुधवारपासून एकच भरते. काकांचा डबा खिडकीत उपडा घातलेला आहे.

मी खोटे का बोललो, असे विचारले. मी घाबरलो होतो. तुरुंगाला नाही. ती माझ्याकडे कशी पाहील त्याला घाबरलो होतो. काका सुटतील, त्यांच्यासारख्या माणसावर कोण विश्वास ठेवणार नाही, असे मी मनाला समजावत होतो. फडके नव्हते, असे ते सांगतच होते. सगळेच असे म्हणतात, असे मला इथे कोणीतरी सांगितले. ते ऐकून मला बरे वाटले. याची मला लाज वाटते.

काल शुक्रवारी दुपारी चार वाजता मी काकांना भेटायला आलो. सोबत केळी होती. काकांनी विचारले, “दुकान उघडलंस का? कंप्रेसरचं पाणी काढत जा, नाहीतर टाकी गंजेल.” मी हो म्हणालो. वहिनी जेवते का, असे त्यांनी विचारले. माझ्या पत्नीला ते वहिनी म्हणतात. थोडी जेवते, असे मी सांगितले. मग ते म्हणाले, “फडकं असेलही रे. मलाच दिसलं नसेल. म्हातारा झालो आता.”

वेळ संपली. मी घरी गेलो. कंप्रेसरचे पाणी काढले. दुकानाच्या मागचे पिंप उपडे करून फडके शोधले. मळक्या कपड्यांच्या तळाशी होते. त्यावर माझ्या हातांचे तेल आहे. ते पिशवीत घालून आणले आहे आणि पंचांसमोर हजर केले आहे.

माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. काकांनी तर उलटच सांगितले. जॅकवरची खूण मी काढली, परत बांधली नाही, आणि विचारले तेव्हा लपवले. काकांचा यात दोष नाही. त्यांना आज घरी जाऊ द्यावे, अशी माझी विनंती आहे.

हवालदार हा जबाब मला वाचून दाखवणार होते. त्यांनी नेहमीच्या सवयीने खोलीचे दार लोटून घेतले. दार उघडे ठेवावे आणि मोठ्याने वाचावे, असे मी त्यांना सांगितले. त्यांनी कारण विचारले. बाहेर बाकावर माझी पत्नी बसली आहे. कशासाठी आलो आहोत, हे मी तिला सांगू शकलेलो नाही. त्यांनी दार उघडले आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचले. जबाब मी सांगितल्याप्रमाणे बरोबर लिहिला आहे. तो आम्ही दोघांनी ऐकला.

सही.