एका कानातली आई

समुपदेशक : मग? दार वाजवून आत ये, हे आईंना सांगितलंत?

नवरा : सांगितलं. ती म्हणाली, पोटच्या पोराच्या खोलीत यायला दार कशाला वाजवायचं?

समुपदेशक : त्यावर तुम्ही काय म्हणालात?

नवरा : बरं म्हटलं.

बायको : वाघ आहे वाघ! मॅडम, सकाळी डोळे उघडले तर सासूबाई आमच्या पलंगावर बसून याचं कपाळ चेपतायत. शेजारी मी झोपलेय, त्याचं कुणाला काही नाही.

नवरा : माझं डोकं दुखत होतं.

बायको : दुखायला आत काहीतरी लागतं.

समुपदेशक : अपमान नको. आणि तुम्ही, तुमच्या बायकोनं भाड्यानं दोन खोल्या बघितल्यात. तिथं यांच्याबरोबर राहायला जाणार का, हे तुम्ही आज सांगणार होतात.

नवरा : ...आपल्या घरात काय कमी आहे?

बायको : आणि?

नवरा : ...आणि आमच्या घराण्यात असं वेगळं कुणी राहिलेलं नाही.

बायको : घराणं? हा शब्द तुझा नाही. मान वळव. डाव्या कानात काय आहे?

नवरा : काही नाही. गाणी ऐकत आलो, काढायचं राहिलं.

बायको : काढ. ठेव टेबलावर.

(टेबलावरच्या इअरफोनमधून बारीक आवाज येतो.)

बायको : ऐका मॅडम. गाणं खोकतंय.

समुपदेशक : तुमच्या आई हे सगळं ऐकतायत?

नवरा : तिला काळजी वाटते हो. मी कुठं अडलो तर...

समुपदेशक : फोन बंद करा. आत्ता.

नवरा : आई, ठेवतो हं. मॅडम म्हणतायत म्हणून.

बायको : शी! बायकोशी बोलायलासुद्धा आई लागते. लाज कशी वाटत नाही रे तुला?

समुपदेशक : आता तुम्ही बोला. तुम्हाला स्वतःला काय हवंय?

नवरा : मला... म्हणजे... तसं काही नाही.

बायको : मूर्ख मीच. गेल्या वेळी मी इथं रडले, तेव्हा तू उठून मला पाणी दिलंस. लग्नानंतर पहिल्यांदा वाटलं, याला मी दिसते. त्या एका पेल्यावर मी खोल्या शोधल्या.

नवरा : ते... पाणी दे तिला, असं आईच म्हणाली होती.

बायको : त्यांचे आभार मान. खोल्यांची किल्ली मी एकच घेते.